त्याने केलं असतं तर?

नेवाडातला डोंगरी रस्ता, रात्र, बोचरा गारठा. गुरंचोरांच्या मागावर निघालेली गावकऱ्यांची टोळी घोड्यांवरून चढण चढते आहे. टोळीत स्पार्क्स नावाचा एक काळा माणूस आहे. गावात पडेल ते काम करायचं आणि वेळ आली की प्रार्थना म्हणायची, एवढीच त्याला तिथे जागा. फासावर चढणाऱ्यांसाठी कुणीतरी दोन शब्द म्हणायला हवेत म्हणून थट्टेथट्टेत त्याला बरोबर घेतलं आहे. शेजारून चाललेल्या गिल कार्टरला तो सांगतो, मी लहान असताना माझ्या सख्ख्या भावाला असंच मारलेलं मी पाहिलं, अजूनही कधीमधी ते स्वप्नात येतं आणि जाग येते. गिल विचारतो, ज्यासाठी धरलं ते त्यानं केलं होतं का? स्पार्क्स म्हणतो, ठाऊक नाही. नक्की काय ते कुणालाच कधी कळलं नाही.

विल्यम वेलमनच्या १९४३ सालच्या 'द ऑक्स-बो इन्सिडंट'मधला हा संवाद अर्ध्या मिनिटात संपतो. मी हा चित्रपट तीनदा पाहिला आणि तिसऱ्या वेळी कुठे मला तो नीट ऐकू आला. कारण गिलचा प्रश्न माझाही होता. झुंडीनं कुणाला ठेचून मारल्याची बातमी आली की आपण सगळे आधी हेच विचारतो: त्यानं खरंच काही केलं होतं का? नव्हतं असं कळलं की हळहळतो. होतं असं कळलं की आवाज खाली येतो, आणि मग कुणीतरी म्हणतंच, 'चुकीचं झालं, पण…' त्या 'पण'बद्दल मला लिहायचं आहे. माझं म्हणणं असं आहे की मेलेला माणूस निर्दोष होता म्हणून ज्यांना झुंडबळी वाईट वाटतो, ते अजून झुंडीच्या विरोधात गेलेलेच नाहीत. आणि ज्या वेस्टर्न चित्रपटांना आपण घोडे, पिस्तुलं आणि धुरळा म्हणून बाजूला सारतो, त्यांनी हा मुद्दा आपल्याला सापडायच्या फार आधी, पण बरंच चाचपडून, शोधला होता.

आधी 'ऑक्स-बो'ची गोष्ट. १८८५ साल. ब्रिजर्स वेल्स नावाच्या एका उदास गावात बातमी येते की किंकेड नावाच्या गुरांच्या मालकाला कुणी गोळी घातली आणि त्याची जनावरं पळवली. शेरीफ गावात नाही. त्याचा डेप्युटी अधिकार नसताना सगळ्यांना शपथ देतो आणि टोळी तयार होते. गिल आणि त्याचा मित्र आर्ट हे बाहेरचे. आपण आलो नाही तर संशय आपल्यावरच येईल, या भीतीनं ते सामील होतात. हा तपशील मला फार खरा वाटतो. झुंडीतले किती तरी लोक रागानं आलेले नसतात, मागे राहिलो तर दिसून येऊ म्हणून आलेले असतात.

पुढे एका खोऱ्यात तिघं झोपलेले सापडतात. मार्टिन नावाचा तरुण, एक मेक्सिकन आणि एक भ्रमिष्ट म्हातारा. त्यांच्याजवळ किंकेडची गुरं आहेत, खरेदीची पावती नाही. मेक्सिकनाकडे किंकेडचं पिस्तूल आहे. मार्टिन म्हणतो, गुरं मी विकत घेतली, पावती मागाहून पाठवतो म्हणाला होता. मेक्सिकन म्हणतो, पिस्तूल रस्त्यात सापडलं. तुम्ही-आम्ही त्या शेकोटीभोवती असतो तर विश्वास ठेवला असता का? पुरावा तसा भक्कम दिसतो, आणि दिग्दर्शक तो मुद्दाम भक्कम ठेवतो.

मेजर टेटली, टोळीचा म्होरक्या, पहाटेपर्यंत थांबायला तयार होतो. मार्टिनला बायकोला पत्र लिहू देतो. पायात गोळी बसलेला मेक्सिकन (अँथनी क्विन) स्वतःच चाकू घेऊन ती गोळी काढतो, आणि बघणाऱ्यांची तोंडं पाहण्यासारखी होतात. लोक खातात, पितात, एक बाई मोठ्यानं हसत असते. म्हणजे वेळ होता. रात्रभर वेळ होता. न्यायाधीश गावात होता, शेरीफ काही तासांच्या अंतरावर होता. 'कायदा पोचत नाही म्हणून लोक कायदा हातात घेतात' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की ते खरंच वाटायला लागतं. या चित्रपटात कायदा पोचत होता. त्याच्या आधी उरकायचं होतं.

मग मतदान. फाशीच्या विरोधात असतील त्यांनी बाजूला या. सात जण बाजूला येतात. सातच. त्यात गिल आहे, स्पार्क्स आहे, म्हातारा दुकानदार डेव्हिस आहे, आणि खुद्द टेटलीचा मुलगा आहे. बहुमत ठरतं. पहाटे तिघांना फासावर चढवतात, आणि परतताना रस्त्यात शेरीफ भेटतो. किंकेड जिवंत आहे. त्याच्यावर गोळी झाडणारे पकडलेही गेलेत.

गिलची भूमिका हेन्री फोंडानं केली आहे, आणि इथे चित्रपटाबाहेरची एक गोष्ट सांगायलाच हवी. फोंडा नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात वाढला. २८ सप्टेंबर १९१९ ला, तो चौदा वर्षांचा असताना, त्या शहराच्या कोर्टाला हजारोंच्या जमावानं वेढा घातला. आत विल ब्राउन नावाचा काळा कामगार कोठडीत होता, एका गोऱ्या तरुणीवर हल्ला केल्याचा त्याच्यावर आरोप होता. जमावानं इमारतीला आग लावली. महापौर एडवर्ड स्मिथ कैद्याला हवाली करायला नकार देत समोर उभा राहिला, तर त्याच्याच गळ्यात दोर टाकून त्याला खांबाला लटकवलं. काही लोकांनी त्याला सोडवलं म्हणून तो वाचला. ब्राउनला बाहेर ओढलं, फाशी दिलं, देहावर गोळ्या झाडल्या आणि शेवटी जाळलं. फोंडाच्या वडिलांचा छापखाना त्या चौकासमोर होता. तिथल्या खिडकीतून बापलेकांनी हे पाहिलं. वडिलांनी त्यावर काही उपदेश केला नाही असं फोंडानं नंतर सांगितलं आहे. ब्राउनवर खटला कधी चाललाच नाही. त्यानं ते केलं होतं का? नक्की काय ते कुणालाच कधी कळलं नाही. चोवीस वर्षांनी पडद्यावर स्पार्क्सला तो प्रश्न विचारताना फोंडाच्या मनात काय चाललं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

पण एवढं प्रेम असूनही या चित्रपटाची एक बाजू मला खटकते. शेरीफ येऊन 'किंकेड जिवंत आहे' म्हणतो, त्या क्षणी प्रेक्षकाचं काम सोपं होतं. मागे मी हा चित्रपट माझ्या भाच्याबरोबर पाहिला, तो तेव्हा अकरावीत होता. तो ताडकन उठून बसला, 'मामा, म्हणजे त्यांनी केलंच नव्हतं!' मी म्हटलं, केलं असतं तर? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मग… जरा वेगळं झालं असतं ना?'

वेगळं झालं असतं. अडचण तीच आहे. गोष्टीतली माणसं निर्दोष निघाली की चूक पुराव्याची ठरते. नीट चौकशी केली असती, थोडं थांबले असते, तर योग्य माणसाला लटकवता आलं असतं, असाही धडा त्यातून घेता येतो. वेलमनला तो नको होता हे उघड आहे. त्यासाठीच शेवटी मार्टिनचं पत्र आहे, ज्यात तो कायदा म्हणजे माणसांनी आजवर बरं-वाईट काय ते शोधून काढलं त्याची साठवण, असं काहीसं लिहितो. गिल ते गुत्त्यात वाचून दाखवतो तेव्हा कॅमेरा अशा कोनातून आहे की आर्टच्या टोपीच्या काठाआड गिलचे डोळे झाकले जातात. फक्त ओठ दिसतात. बोलणारा माणूस नाहीसा होतो आणि पत्र उरतं. मूळ कादंबरीत ते पत्र वाचकाला कधीच वाचायला मिळत नाही, चित्रपटात मात्र ते वाचून दाखवावं लागलं. शेरीफच्या बातमीनं सैल झालेला मुद्दा पुन्हा आवळायला कुणाचे तरी शब्द हवे होते, असं मला वाटतं.

हा मुद्दा सोपा नव्हता, कारण वेस्टर्नचा जन्मच झुंडीच्या समर्थनातून झाला आहे. ओवेन विस्टरच्या १९०२ च्या 'द व्हर्जिनियन' या कादंबरीनं या प्रकाराचा साचा घडवला. तिचा नायक गुरं चोरणाऱ्या स्वतःच्या जिवलग मित्राला, स्टीव्हला, कोर्टाविना फाशी देतो. नायिका हादरते, तेव्हा एक न्यायाधीश, हो, न्यायाधीशच, तिला समजावतो: वायोमिंगमधली कोर्टं गुरंचोरांना शिक्षा करत नाहीत, लोकांनीच कायद्याला अधिकार दिला होता, तो ते परत घेताहेत. दक्षिणेत काळ्यांना जाळतात ते वेगळं आणि हे वेगळं, असंही तो बजावतो. १९२९ मध्ये यावर बोलपट आला, त्यात गॅरी कूपर होता. स्टीव्ह दोषीच आहे. फास लावताना नायकाला दुःख होतं, आणि त्या दुःखासाठी आपण त्याला मोठा मानावं अशी चित्रपटाची अपेक्षा आहे.

त्या न्यायाधीशाचा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. आज आपल्या चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या गच्चीवर तोच ऐकू येतो. खटले वीस-वीस वर्षं चालतात, साक्षीदार फुटतात, पैसेवाला सुटतो. हे सगळं खरं आहे, आणि ज्याच्या घरावर प्रसंग गुदरला त्याला कायद्याच्या महतीचं व्याख्यान द्यायची माझी हिंमत नाही. पण इतिहास त्या न्यायाधीशाची बाजू घेत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १८५१ आणि १८५६ मध्ये नागरिकांच्या दक्षता समित्यांनी दोन्ही वेळा चार-चार माणसं फासावर चढवली, तेव्हा त्या शहरात कोर्ट होतं, तुरुंग होता, वकील होते. १८७१ मध्ये लॉस एंजेलिसच्या जमावानं एका संध्याकाळी अठराच्या आसपास चिनी माणसं मारली. ती कुठल्या गुरंचोरीसाठी? टस्कीगी या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेनं अमेरिकेतल्या १८८२ ते १९६८ या काळातल्या ४,७४३ झुंडबळींची नोंद ठेवली, त्यातले ३,४४६ काळे होते आणि १,२९७ गोरे. 'वायोमिंगचं वेगळं, दक्षिणेचं वेगळं' ही भिंत कागदावरच उभी राहते. दोर एकच असतो आणि एकदा तो हातात आला की कुणाच्या गळ्यात जाईल, हे गावातल्या दुबळ्यांना सगळ्यात आधी कळतं. म्हणून तर त्या टोळीत स्पार्क्स एकटाच पहिल्यापासून काय होणार ते ओळखून असतो.

आता १९५७. या एकाच वर्षी तीन चित्रपट आले, त्यातले दोन वेस्टर्न आणि दोन फोंडाचे, आणि तिघांनी मिळून 'ऑक्स-बो'नं अर्धा सोडलेला प्रश्न पुरा केला असं मी मानतो.

अँथनी मानच्या 'द टिन स्टार'मध्ये एक म्हातारा डॉक्टर आहे, गावातल्या निम्म्या लोकांना ज्यानं जन्माच्या वेळी हातात घेतलं असेल असा. त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला गाव रस्त्यावर जमलं आहे. लांबून त्याची घोडागाडी येताना दिसते आणि लोक गाणं सुरू करतात. गाडी जवळ येते. घोडा सवयीनं वाट चालतो आहे, डॉक्टर जागेवर बसला आहे, आणि मेलेला आहे. गाणं विरत जातं. हे दृश्य ज्यानं पाहिलं त्याला त्या गावाचा राग खोटा म्हणता येणार नाही. मारेकरी मॅकगॅफी भाऊ आहेत, आणि इथे संशयाला जागाच नाही. प्रेक्षकाला ठाऊक आहे, शेरीफला ठाऊक आहे. तरीही तो कोवळा, घाबरणारा शेरीफ (अँथनी पर्किन्स) त्यांना जिवंत पकडून आणतो आणि रात्री तुरुंगाच्या दारात बंदूक घेऊन जमावासमोर उभा राहतो. त्याला हे शिकवणारा, एकेकाळी बिल्ला टाकून दिलेला माणूस म्हणजे फोंडा. चौदा वर्षांपूर्वी जो सात जणांत नुसता बाजूला सरकला होता, तो आता दुसऱ्याला दारात उभं राहायला शिकवतो आहे. आणि या वेळी दाराआड खरे खुनी आहेत.

डेल्मर डेव्हजच्या '३:१० टू युमा'त हाच पेच एका हॉटेलच्या खोलीत येतो. दुष्काळानं गांजलेला शेतकरी डॅन इव्हान्स दोनशे डॉलरसाठी बेन वेड या दरोडेखोराला आगगाडीत बसवून देण्याचं काम घेतो. वेडनं घोडागाडीच्या चालकाला मारलं आहे, डॅननं ते स्वतः पाहिलं आहे. गाडीची वाट बघत ते बसलेले असताना मेलेल्या चालकाचा भाऊ बंदूक घेऊन आत घुसतो. कुणाची बाजू घ्याल? मी भावाची घेतली, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. डॅन झटापट करून बंदूक हिसकावतो, तीत गोळी उडते, आणि तिच्या आवाजानं खोलीचा पत्ता वेडच्या टोळीला लागतो. खुन्याला सूडापासून वाचवल्याची किंमत वाचवणाऱ्याला लगेच, रोख मोजावी लागते. हे या चित्रपटाचं मोठेपण. कायद्यानं वागणं फायद्याचं आहे असं खोटं आश्वासन तो देत नाही.

तिसरा चित्रपट वेस्टर्न नव्हे, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', आपल्याकडे 'एक रुका हुआ फैसला' म्हणून आलेला. त्यातल्या मुलानं बापाला मारलं की नाही हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. फोंडाचा ज्युरीही ते ठाऊक असल्याचा दावा करत नाही. स्पार्क्सचं उत्तर, ठाऊक नाही, आता संपूर्ण चित्रपटाचं उत्तर झालेलं असतं.

'हाय नून' (१९५२) मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यात झुंड नाही, झुंडीला वाव देणारं गाव आहे. ज्या गॅरी कूपरनं १९२९ मध्ये मित्राला फास लावला, तोच इथे मार्शल आहे, सूड घ्यायला येणाऱ्या गुंडांविरुद्ध गावाकडे मदत मागणारा. चर्चमधलं एक दृश्य पाहा. मुलांना बाहेर पाठवतात, माणसं पाळीपाळीनं, सभ्यपणे बोलतात, आणि गावातला एक प्रतिष्ठित गृहस्थ मार्शलचं तोंड भरून कौतुक करून शेवटी त्याला गाव सोडायला सांगतो. कुणी शिवी देत नाही. पटकथाकार कार्ल फोरमन याला त्याच सुमारास कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सहकाऱ्यांची नावं सांगायला बोलावलं होतं. त्यानं नावं दिली नाहीत, हॉलिवूडनं त्याला काम देणं बंद केलं आणि तो इंग्लंडला गेला. दोन वर्षांनी आलेल्या 'जॉनी गिटार'मध्ये सुतकी काळ्या कपड्यांतली टोळी एका जखमी पोराला सांगते, गुत्त्याच्या मालकिणीचं नाव घे, तुला सोडतो. पोरगा नाव घेतो. त्यालाही फाशी देतात. नायकाचं काम करणाऱ्या स्टर्लिंग हेडननं त्या समितीपुढे नावं दिली होती आणि त्याचा पस्तावा त्यानं आयुष्यभर बोलून दाखवला.

१ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे व्हॉट्सअॅप संदेश त्या भागात पसरलेले होते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. नंतर सगळा महाराष्ट्र हळहळला, मीही. पण त्या हळहळीतला शब्द आठवून पाहा: बिचारे, निरपराध होते हो, भिक्षेकरी होते. म्हणजे ते खरोखर मुलं पळवणारे असते तर ग्रामपंचायतीची ती खोली ठीक होती का?

याचं उत्तर दीड वर्षानं मिळालं. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ एका पशुवैद्यक तरुणीवरील बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी चकमकीत मारलं. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळी आठपासून अभिनंदन सुरू होतं. राईनपाड्याच्या वेळी ज्यांनी रडणारे चेहरे टाकले, त्यांनीच टाळ्या टाकल्या. त्या सकाळी मलाही आत कुठेतरी बरं वाटलं होतं. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, विरोधातही नाही. सर्वोच्च न्यायालयानं चौकशी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष नागपूरचे न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर होते. २०२२ मध्ये आयोगाचा निष्कर्ष बाहेर आला: पोलिसांनी मारण्याच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या, आणि चौघांपैकी तिघं तेव्हा अल्पवयीन होते. त्यावर आमच्या ग्रुपवर एकही शब्द आला नाही. आणि त्या तरुणीच्या बाबतीत नेमकं कुणी काय केलं, हे कोर्टात साक्षीपुराव्यानं ठरायचं होतं, ते कायमचं राहिलं. तिलासुद्धा न्याय मिळाला असं मी म्हणू शकत नाही. तिच्या नावावर एक बातमी संपवली गेली.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींबाबत सरकारांना सविस्तर निर्देश दिले आणि संसदेनं यासाठी वेगळा गुन्हा करावा असं सुचवलं. भारतीय न्याय संहितेत तो आला. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणांवरून केलेली हत्या असं त्याचं स्वरूप आहे, आणि संहिता लागू झाली ती १ जुलै २०२४ ला, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी. पण 'मुलं पळवणारा समजून' केलेला खून त्या कारणांच्या यादीत बसतो की नाही, यावर उद्या कोर्टात वाद होऊ शकतो. तो वाद न उरेल अशी दुरुस्ती व्हायला हवी. अमेरिकेला तर झुंडबळीविरोधी केंद्रीय कायदा व्हायला मार्च २०२२ उजाडला. १९२२ मध्ये एक विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं होतं, ते सेनेटमध्ये अडवलं गेलं.

कायद्याची भाषा सुधारता येईल. भाच्याच्या त्या 'जरा वेगळं'चं काय करायचं, हे मला जास्त कठीण वाटतं. तो आता कायद्याचं शिक्षण घेतो आहे. गेल्या दिवाळीत आम्ही 'टिन स्टार' पाहिला. डॉक्टरची घोडागाडी येते तिथे त्याने चित्रपट थांबवला, पाणी पिऊन आला आणि म्हणाला, 'मामा, मी त्या गर्दीत असतो.' मी म्हटलं, मीसुद्धा. मग पुढचा भाग लावला.

विल ब्राउनला ओमाहाच्या बेवारशांच्या दफनभूमीत पुरलं होतं. नव्वद वर्षं त्या जागेवर काही खूण नव्हती. मग कॅलिफोर्नियातल्या एका माणसानं टीव्हीवर हेन्री फोंडाबद्दलचा कार्यक्रम पाहिला, त्यात ही हकिगत ऐकली आणि २००९ मध्ये स्वतःच्या पैशानं तिथे दगड बसवला. ब्राउन त्याचा कुणी लागत नव्हता, आणि त्यानं ते केलं होतं का, हे त्या माणसालाही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.